दुबईहून गौलीगुड्याला: एका फोनचे कायदे

(गौलीगुडा, हैदराबाद इथल्या स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय दूरसंचाराचा कायदा हा विषय पत्रिकेवर छापून आला, तेव्हा अनेकांना तो दिल्लीतल्या वकिलांचा वाटला असेल. पण या सभागृहात असं घर क्वचितच असेल, ज्यातलं कोणी ना कोणी दुबई, दोहा, डॅलस किंवा मेलबर्नला नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना फोन वाजतो, तिकडून नातवंडाचा आवाज येतो, इकडे तवा उतरवला जातो. हा फोन कोणाच्या कायद्याने चालतो? तो जिथून निघाला त्या अमिरातीच्या? तो जिथे पोचला त्या भारताच्या? समुद्राच्या तळाशी ज्या देशाजवळून केबल गेली आहे त्याच्या? की ज्या कंपनीच्या अटींवर न वाचता बोट ठेवलं, तिच्या?

एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कायदे, ही गोष्ट गौलीगुड्याला नवी नाही. पलीकडचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार होता. चारी बाजूंनी निजामाचं राज्य आणि मध्ये इंग्रज रेसिडेंटचा अंमल. निजामाच्या हद्दीत ज्या सभेला परवानगी मिळत नसे, तिला तिथे जागा मिळे. कुठल्या बाजूला उभं राहिलं यावर काय बोलता येईल हे ठरे. आजच्या टेलिफोनची हीच स्थिती आहे. फक्त हद्दी दोन नाहीत, पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच डोळ्यांना दिसत नाहीत.

आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे ते एवढंच. १९९० च्या दशकात जगभर टेलिफोनची सरकारी मक्तेदारी मोडली. सरकारने दुकान आवरलं म्हणजे कायदाही आवरला, असा सर्वसाधारण समज झाला. घडलं उलटं. कायदा वाढला आणि त्याने घर बदललं. तो व्यापार करारांत गेला, लवादाच्या बंद खोल्यांत गेला, तांत्रिक संस्थांच्या बैठकांत गेला. दर कोसळले, हा सामान्य माणसाचा मोठा लाभ. पण नियम जिथे घडतात तिथून तोच माणूस लांब पडला. हा लाभ आणि हे लांब पडणं, दोन्ही एकत्र पाहायचं आहे.

पहिला मुद्दा मक्तेदारीच्या काळाचा. कारण काय मोडलं हे कळल्याशिवाय काय उरलं हे कळत नाही.

१७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस देशांनी एक करार केला. तोवर तार सीमेवर येऊन थांबायची. इकडचा तारबाबू ती कागदावर उतरवून तिकडच्या तारबाबूच्या हाती द्यायचा. या करारातून आंतरराष्ट्रीय तार संघ जन्माला आला, तीच आजची जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, आयटीयू. ती संयुक्त राष्ट्रांपेक्षा ऐंशी वर्षांनी मोठी आहे. तिच्या व्यवस्थेत देश देशाशी बोलत असे, आणि प्रत्येक देशाच्या वतीने बोलणारं एकच खातं असे.

भारताचं हे खातं महाराष्ट्राच्या मातीत उभं राहिलं. १९२७ साली इंग्लंडशी थेट बिनतारी संपर्क सुरू झाला, त्याचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होतं. तेव्हा ते खासगी कंपनीच्या हाती होतं, हे विसरू नये. १ जानेवारी १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आधी साडेसात महिने, ते सरकारने ताब्यात घेतलं आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस सुरू झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह भूकेंद्र आलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. १ एप्रिल १९८६ ला या खात्याची विदेश संचार निगम लिमिटेड ही कंपनी झाली. परदेशी बोलायचं तर या एकाच दारातून.

आता गौलीगुड्याच्या जुन्या बसस्थानकाचा परिसर डोळ्यांसमोर आणावा. २०१८ च्या जुलैत कोसळलेला तो पोलादी हँगर उभा होता, मराठवाड्याकडून आलेल्या गाड्या तिथे माणसं उतरवत होत्या, तेव्हाचा काळ. सार्वजनिक टेलिफोनच्या दुकानाबाहेर पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. आत काचेचा कोंदट खोका. डोक्यावर लाल आकड्यांचा मीटर. बोलणाऱ्याचा कान फोनला आणि डोळे त्या आकड्यांना चिकटलेले असत. पोरगा आजारी आहे हे सांगायला शब्द जुळवावेत, तोवर आकडा शंभरच्या पुढे गेलेला असे. फोन ठेवला की छोट्या यंत्रातून कागदाची पट्टी करकरत बाहेर येई: नंबर, सेकंद, रुपये. नव्वदच्या दशकात परदेशी फोनचा एक मिनिट पन्नास-साठ रुपयांच्या घरात होता. कित्येकांची ती दिवसाची कमाई होती.

ते साठ रुपये जात कुठे?

त्याचं गणित साधं होतं. दोन देशांची खाती मिनिटाचा एक हिशेबी दर ठरवत. ज्या देशातून फोन निघाला, त्याने फोन उतरवून घेणाऱ्या देशाला त्या दराचा अर्धा वाटा द्यायचा. फोन लावायला खरा खर्च किती येतो, हा प्रश्न या हिशेबात नव्हता. भारतातून बाहेर जाणारे फोन कमी, कारण ते परवडत नसत. भारतात येणारे फोन पुष्कळ, कारण बाहेर गेलेली माणसं घरची आठवण काढत. म्हणून वर्षाअखेरीस देणं कमी आणि येणं जास्त. विदेश संचार निगमला परकीय चलन मिळे, सरकारला लाभांश मिळे. ती रक्कम वाईट कामाला लागली असं म्हणता येणार नाही. खेड्यात तारा ओढायला पैसा लागत होताच. पण तो भरत कोण होता? आखातात सिमेंट कालवणारा, न्यू जर्सीत नवा लागलेला अभियंता, आणि त्या काचेच्या खोक्यातली बाई. परदेशी फोनवरचा हा एक कर होता. तो लावायला कुठल्याही संसदेने मतदान केलं नव्हतं.

दुसरा मुद्दा, ही व्यवस्था मोडली कशी.

भारतात सुरुवात १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने झाली. खासगी कंपन्यांना परवाने देण्याला आव्हान दिलं गेलं. दिल्ली सायन्स फोरमच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने धोरण उचलून धरलं आणि स्वतंत्र नियामकाची गरजही बोलून दाखवली. मग आला १९९७ चा फेब्रुवारी. या महिन्यावर थोडं थांबलं पाहिजे. १५ फेब्रुवारीला जिनिव्हात, आयटीयूच्या नव्हे तर जागतिक व्यापार संघटनेच्या छत्राखाली, ६९ सरकारांनी आपापला टेलिफोनचा बाजार किती उघडणार याची वचनं दिली. आणि पाचच दिवसांनी, २० फेब्रुवारीला, दिल्लीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, अस्तित्वात आलं.

वचनांबरोबर काही पानांचा एक छोटा दस्तऐवज होता. सर्वात मोठ्या कंपनीने आपल्या बळाचा गैरवापर करू नये. तिने प्रतिस्पर्ध्याला आपल्या जाळ्याशी खर्चाला धरून असलेल्या दरात जोडून घ्यावं. गरिबांपर्यंत सेवा पोचवायचं बंधन सरकारने घालावं, पण पारदर्शक रीतीने. परवान्याचे निकष जाहीर असावेत. नियामक कोणत्याही विक्रेत्यापासून स्वतंत्र असावा. तरंगलहरी आणि क्रमांक यांचं वाटप वस्तुनिष्ठ असावं. सहा तत्त्वं. भारताने ती काही फेरफारांसह स्वीकारली. परदेशी भांडवलाची मर्यादा तेव्हा २५ टक्के लिहून दिली होती, आणि परदेशी टेलिफोन सेवा खुली करायची की नाही याचा विचार २००४ मध्ये करू, असं म्हटलं होतं.

पण जगाने २००४ ची वाट पाहिली नाही. अमेरिका अशा हिशेबात वर्षाला पाच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम इतर देशांना देत होती. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने आपल्याच कंपन्यांना बजावलं की श्रीमंत देशांना मिनिटाला १५ सेंटपेक्षा, मधल्या देशांना १९ पेक्षा आणि गरीब देशांना २३ पेक्षा जास्त द्यायचं नाही. त्यासाठी टप्प्याटप्प्याने मुदती दिल्या. परदेशी कंपन्या न्यायालयात गेल्या. आमच्या देशाचा दर वॉशिंग्टनने का ठरवावा, हा त्यांचा सवाल होता. १९९९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला: आयोग फक्त अमेरिकी कंपन्यांना आदेश देतो आहे. कागदावर हे खरं होतं. परिणामात तो आदेश मुंबईतल्या विदेश संचार निगमच्या जमाखर्चात येऊन बसला. एका देशाच्या देशांतर्गत हुकमाने सव्वाशेहून अधिक वर्षांच्या आंतरराष्ट्रीय रिवाजाचा कणा मोडला.

१९९७ च्या त्या व्यापार कराराची धार मेक्सिकोला लागली. तिथली टेलमेक्स ही सरकारी कंपनी १९९० मध्ये खासगी झाली होती, पण बाहेरून येणाऱ्या फोनचा दर देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या वतीने तीच ठरवे आणि तोच सर्वांना लागू होई. अमेरिकेने तक्रार केली. २००४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने सांगितलं की हा दर खर्चाला धरून नाही, आणि सरकारने लादलेली ही एकजूट स्पर्धेला मारक आहे. मेक्सिकोने नियम बदलले. फोनच्या दरावर व्यापाराच्या न्यायपीठाने दिलेला हा गाजलेला निवाडा. श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्या खटल्यात दोन सरकारं होती, त्यांच्या मागे कंपन्या होत्या. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेला मजूर, ज्याच्या फोनवरून हे सगळं पेटलं, तो त्या दालनात कुठेच नव्हता.

भारतात निर्णायक वर्ष २००२. तेव्हाचे दळणवळण मंत्री प्रमोद महाजन. जन्म इथल्याच महबूबनगरचा, वाढले अंबाजोगाईला. फेब्रुवारीत विदेश संचार निगमचा २५ टक्के हिस्सा १,४३९ कोटी रुपयांना टाटा समूहाकडे गेला. १ एप्रिलला परदेशी सेवेची मक्तेदारी, ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी, संपली. त्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी बोलण्यालाही मर्यादित परवानगी मिळाली. दर उतरत गेले, काचेचे खोके एकेक करून बंद पडले, मीटरवरची नजर सुटली. आई मुलाशी पोटभर बोलू लागली. खुल्या बाजाराचं हे देणं नाकारणारा माणूस प्रामाणिक म्हणता येणार नाही.

मग तक्रार कशाची? इथून तिसरा मुद्दा सुरू होतो: भांडण झालं तर न्याय कुठे?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणावरून झालेल्या एका वादात निकाल दिला. क्रिकेट विसरलं गेलं, निकाल राहिला. तरंगलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी सार्वजनिक यंत्रणेने नियंत्रित केला पाहिजे, हे तत्त्व त्यात मांडलं गेलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशा गोष्टींत या निकालपत्राचं नाव घ्यायला हवं. हवेत न दिसणारी एक वस्तू आहे, ती ना सरकारची, ना कंपनीची. ती इथे बसलेल्या प्रत्येकाची आहे, असा त्याचा अर्थ. याच विचाराच्या आधारावर २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वाटलेले मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले.

इथवर गोष्ट भारतीय न्यायालयात, उघड्या दालनात. पण परवाने रद्द झाले, तसं परदेशी भांडवलदारांनी दुसरं दार ठोठावलं. नव्वदच्या दशकात भारताने अनेक देशांशी गुंतवणूक संरक्षणाचे करार केले होते. त्यांत एक कलम असे: तुमच्या सरकारने आमच्या गुंतवणूकदाराला अन्यायाने वागवलं, तर तो तुमच्या न्यायालयाला वळसा घालून आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाईल. सह्या झाल्या तेव्हा ही कलमं फारशी कोणाच्या डोळ्यांत आली नाहीत. पुढे टेलिफोनच्या मोठ्या मोठ्या भांडणांना त्यांचाच आधार मिळाला.

देवास प्रकरण घ्या. इस्रोची व्यापारी शाखा अँट्रिक्स हिने २००५ मध्ये उपग्रहाच्या तरंगलहरींचा करार देवास कंपनीशी केला. २०११ मध्ये सरकारने तो रद्द केला. मग एक लवाद खुद्द कराराखाली, दुसरा मॉरिशसशी असलेल्या कराराखाली, तिसरा जर्मनीशी असलेल्या कराराखाली, कारण डॉइचे टेलिकॉमचे पैसे त्यात होते. तिन्हीकडे भारतीय पक्षाविरुद्ध निवाडे गेले. आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तीच देवास कंपनी फसवणुकीतून उभी राहिल्याचं मान्य करून ती गुंडाळण्यावर शिक्कामोर्तब केलं. घटना एकच, न्यायासनं अनेक, उत्तरं परस्परविरोधी. रेसिडेन्सी बाजाराच्या काळात निदान मधला रस्ता दिसत तरी होता.

व्होडाफोनचं प्रकरण मुंबईत सुरू झालं. २००७ मध्ये कंपनीने हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. व्यवहार झाला केमन बेटांवरच्या कंपनीच्या समभागांचा. त्यावर भारतात कर लागतो का? मुंबई उच्च न्यायालय कर खात्याच्या बाजूने, सर्वोच्च न्यायालय २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने. मग संसदेने मागच्या तारखेपासून कायदाच बदलला. कंपनी नेदरलँड्सशी झालेल्या करारावर बोट ठेवून लवादाकडे गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिंकली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये संसदेने तो कर मागे घेतला. मागच्या तारखेचा कर अन्यायाचा होता, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं. तरीही प्रश्न उरतो. भारतीय संसदेच्या कायद्याची परीक्षा तिघा पंचांनी बंद दालनात घ्यावी, आणि नागरिकाला निकालाची बातमी तेवढी कळावी, हे ठीक आहे का?

दोन्ही पक्ष भारतीय मालकीचे असले तरी हेच होतं. युरोप आणि आशियाला जोडणारी फ्लॅग ही समुद्री केबल मुंबईत विदेश संचार निगमच्या केंद्रात उतरत होती. पुढे फ्लॅग रिलायन्सच्या ताब्यात आली, निगम टाटांच्या. केंद्रात शिरून क्षमता वाढवू द्यायची की नाही, यावरून वाद झाला. मुंबईतल्या एका इमारतीच्या दाराचा हा वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि २००६ मध्ये फ्लॅगच्या बाजूने सुटला. त्यानंतर ट्रायने २००७ मध्ये केबल केंद्रांच्या प्रवेशाचे नियम केले, हे चांगलं झालं. पण क्रम पाहावा: खासगी निवाडा आधी, सार्वजनिक नियम मागून.

भारताने यातून धडा घेतला. २०१६ पासून नवा नमुना करार पुढे ठेवला आणि बहुतेक जुने करार संपुष्टात आणले. नव्या नमुन्यात परदेशी गुंतवणूकदाराने आधी भारतीय न्यायालयांत वाट चोखाळावी, ही अट आहे. ती योग्य आहे.

चौथा मुद्दा या शहराचा. हैदराबादने जगाच्या दूरसंचार कारभाराच्या तीन वेगवेगळ्या पंगती वाढल्या आहेत, आणि ही गोष्ट इथल्या शाळांत सांगितली जात नाही.

पहिली डिसेंबर २००८ ची. इंटरनेटच्या कारभारावर विचार करणारा संयुक्त राष्ट्रांचा मंच ३ ते ६ डिसेंबरला माधापूरच्या अधिवेशन केंद्रात भरला. मुंबईवरचा हल्ला होऊन आठवडाही झाला नव्हता. तरी लोक आले. घोषवाक्य होतं सर्वांसाठी इंटरनेट. या मंचावर सरकार, कंपनी आणि नागरी संस्था शेजारी शेजारी बसतात. पण तो ठराव करत नाही. इथे बोलता सर्वांना येतं, बांधलं कोणीच जात नाही.

दुसरी मे-जून २०१० ची. आयटीयूची जागतिक दूरसंचार विकास परिषद. तिच्या निर्णयांना आजही हैदराबाद जाहीरनामा आणि हैदराबाद कृती आराखडा म्हणतात. इथे मत सरकारांना. मागास देशांच्या खेड्यांत ब्रॉडबँड कसं जावं, प्रशिक्षण कोणाला मिळावं, हे इथे लिहिलं गेलं. वचनं सरकारांची, म्हणून वजन आहे. पण पैसा आता खासगी कंपन्यांकडे, म्हणून अंमलबजावणी लंगडी.

तिसरी नोव्हेंबर २०१६ ची. इंटरनेटवरच्या नावांची आणि पत्त्यांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही अमेरिकेत नोंदलेली संस्था. तिची ५७ वी बैठक. महिनाभर आधीच अमेरिकी सरकारशी असलेला तिचा करार संपला होता, आणि स्वतःच्या पायावर उभी राहिल्यानंतरची तिची पहिली बैठक या शहरात झाली. ती चालू असतानाच ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. जगाच्या इंटरनेटचा पत्ता सांभाळणारी माणसं या शहरात होती आणि त्यांच्या खिशातली नोट चालत नव्हती! या संस्थेत कायद्याचं हत्यार म्हणजे करार. डॉट कॉम विकणारा आयकॅनशी करार करतो, त्या कराराची अटच त्याचा कायदा.

एक मंच चर्चेचा, एक परिषद सरकारांची, एक संस्था करारांची. तिघांचं नातं काय? २०१२ च्या डिसेंबरमध्ये दुबईत हा प्रश्न थेट पुढे आला. १९८८ मध्ये मेलबर्नला झालेले आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियम मक्तेदारीच्या काळातले. ते बदलायला सगळे जमले. इंटरनेटला या नियमांत आणायचं का, यावर फूट पडली. ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही. भारताने केली नाही. भारत का थांबला, याची सविस्तर चर्चा आपल्या संसदेत व्हायला हवी होती. आंतरराष्ट्रीय दूरसंचाराचा कायदा परराष्ट्र खात्याचा आहे, दूरसंचार खात्याचा आहे. पण तो गौलीगुड्याचाही आहे.

शेवटचा मुद्दा आजचा. तीन उदाहरणं पुरेत.

पहिलं उदाहरण चोरट्या एक्सचेंजचं. आखातातून निघालेला फोन इंटरनेटवरून भारतात आणायचा, आणि डझनावारी सिमकार्डं बसवलेल्या खोक्यातून साध्या स्थानिक फोनसारखा सोडायचा. घरच्या फोनवर परदेशी क्रमांकाऐवजी भारतातला मोबाइल क्रमांक दिसतो. असे अड्डे हैदराबादेतही पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. हे का होतं? परदेशातून आलेला फोन उतरवून घ्यायचा दर देशातल्या फोनपेक्षा जास्त ठेवला, की फरकावर जगणारा धंदा उभा राहतो. ट्रायने २०१८ मध्ये हा दर मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला, त्यामागे हेही कारण होतं. २०२० पासून कंपन्यांना ३५ ते ६५ पैशांत दर ठरवायची मोकळीक मिळाली. तिकडे अमिरातीने इंटरनेटवरून मोफत बोलण्यावर वर्षानुवर्षं बंधनं ठेवली, कारण तिथल्या कंपन्यांचं उत्पन्न बुडतं. जुना अर्धा वाटा गेला. त्याची सावली अजून मजुराच्या खिशावर पडते.

दुसरं उदाहरण केबलचं. भारतात येणाऱ्या समुद्री केबल्सपैकी पुष्कळशा मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल्स तुटल्या आणि भारताचं इंटरनेट निम्म्यावर आलं. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा केबल्स तुटल्या. समुद्री तारांच्या रक्षणाचा पहिला करार १८८४ चा, पॅरिसचा. मालक आता खासगी कंपन्यांचे संघ आहेत, खुला समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, आणि दुरुस्तीचं जहाज कोणाच्या हद्दीत शिरायला किती दिवस थांबतं यावर हैदराबादच्या हायटेक सिटीतल्या कामाची पाळी अवलंबून राहते.

तिसरं उदाहरण डोक्यावरचं. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा तो घेतो. उपग्रह सेवेच्या तरंगलहरी लिलावाशिवाय, प्रशासकीय निर्णयाने देण्याची सोय त्यात आहे. याला जागतिक आधार आहे. अनेक उपग्रह एकच पट्टा वाटून वापरतात, आणि तो पट्टा आयटीयूच्या रेडिओ नियमांनी ठरतो. पण सावंतांचं तत्त्व इथे लागू करून पाहावं. मालमत्ता लोकांची, तर भाडं किती, मुदत किती, आणि आदिलाबाद-गडचिरोलीच्या पाड्यावर सेवा पोचवायची अट काय, हे लोकांना कळलं पाहिजे. नव्या कायद्यात सरकारला सेवा बंद करण्याचे आणि संदेश अडवण्याचे मोठे अधिकार कायम आहेत. दुकान खासगी झालं, किल्ली सरकारकडेच राहिली. खुल्या बाजारावर बोलणाऱ्याने हेही बोललं पाहिजे.

मग करायचं काय? हताश होण्याचं कारण नाही, कारण वाट आधी सापडलेली आहे. २०१५ मध्ये काही संकेतस्थळं फुकट आणि बाकीची पैसे देऊन, असा प्रस्ताव आला तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. जगातल्या नियमांत तो एक दंडक ठरला, आणि तो घडवला साध्या ग्राहकांनी. ट्रायचा प्रत्येक सल्लामसलत मसुदा जाहीर होतो, कोणालाही उत्तर देता येतं, आलेली उत्तरं छापली जातात, मग खुली सुनावणी होते. हे दार उघडं आहे. अडचण भाषेची आहे: या मसुद्यांवरची खरी चर्चा इंग्रजीत होते. ती मराठीत, तेलुगूत, उर्दूत झाली पाहिजे, आणि ही मागणी करायला या परिसरातल्या ग्रंथालयांपेक्षा आणि शिक्षणसंस्थांपेक्षा योग्य जागा दुसरी नाही.

दुसरी मागणी दिल्लीकडे. आयटीयूच्या परिषदेला भारताचं शिष्टमंडळ काय भूमिका घेऊन जातं, ते जाण्याआधी जाहीर व्हावं आणि आल्यावर संसदेत मांडलं जावं. तिसरी, गुंतवणूक करारांच्या लवादात भारताविरुद्ध दावा दाखल झाला की दोन्ही बाजूंची निवेदनं आणि निवाडा नागरिकाला वाचायला मिळावा; पैसा त्याच्याच खिशातला आहे.

जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये शांघायला भरते आहे. उपग्रहातून थेट मोबाइलवर बोलण्यासाठी कोणत्या लहरी द्यायच्या, हा तिच्यासमोरच्या मोठ्या विषयांपैकी एक आहे. आपल्या सरकारची त्यावरची भूमिका तयार करण्याचं काम सल्लामसलतीच्या कागदांतून चालू असतं. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना नम्र विनंती आहे की त्या कागदांचं वाचनमंडळ इथे सुरू करावं, दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्याच मंडळींना समजावून सांगायला बोलवावं, आणि शांघायच्या आधी गौलीगुड्याचं एक लेखी निवेदन दिल्लीला पोचवावं.